शेल्टरमध्ये पार्वो शिरलाय, नवी पिल्लं घेणं थांबवायचं का?

ओलीमाती
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज लिहायला बसलेय कारण कुणाशी तरी बोलायला हवंय आणि सल्लाही हवाय.

पुण्याजवळ एक छोटं शेल्टर आहे, गेली ४ वर्षं मी दर शनिवार-रविवार तिथे जाते. साठेक कुत्री, निम्मी म्हातारी, आंधळी, तीन पायांची, म्हणजे परत रस्त्यावर सोडता येणार नाहीत अशी. पिल्लांना एकच खोली, शहाबादी फरशीची. गेल्या महिन्यात पहाटे कोणीतरी गेटला टीव्हीचं खोकं टेकवून गेलं. आत ५ पिल्लं, दीडेक महिन्याची, पोटं टम्म पण डोळे स्वच्छ, एकमेकांचे कान ओढत होती. आमच्या मावशींनी ती आधीच्या ६ पिल्लांत नेऊन सोडली, दुसरी जागाच नाही तर त्या तरी काय करणार. चौथ्या दिवशी एकानं ताटलीकडे बघितलंच नाही. संध्याकाळी पिवळ्या फेसाची उलटी, रात्री रक्ताचे जुलाब, आणि तो वास. डॉक्टरांनी किटवर टेस्ट केली, दोन रेघा आल्या. पार्वो, पिल्लांच्या आतड्यावर हल्ला करणारा विषाणू.

९ दिवसांत ११ पैकी ७ गेली. शेवटची गेली ती काळी, मी तिच्यापाशी बसले होते. पुढच्या पायाला सलाईन, चिकटपट्टीखालची केस कापलेली जागा एवढीशी, माझ्या अंगठ्याएवढी. मी तिला "काळे" म्हटलं की शेपटीचं टोक फक्त हलायचं, मग तेही थांबलं.

आता कमिटीत दोन तट पडलेत. एक म्हणतो काही महिने पिल्लं घ्यायचीच नाहीत. दुसरा म्हणतो दारात आलेला जीव परत कसा लावायचा, मग शेल्टर कशाला काढलं. मला दोन्ही पटतं आणि झोप लागत नाही. शिवाय खोली रोज फिनाईलनं धुतोय, तरी हे झालंच कसं?

निरंजनी
फार वाईट वाटलं वाचून. काळीसाठी एक दिवा लावला.

गोठ्यावरचा_डॉक्टर
मी पशुवैद्यक आहे. आधी फिनाईलचं सांगतो कारण हे मी दर महिन्याला कुठे ना कुठे सांगत असतो. काळं असो की पांढरं, फिनाईलवर पार्वोसाठी अजिबात भरवसा ठेवता येत नाही. खोलीला स्वच्छ वास येतो आणि आपण निश्चिंत होतो, तेवढंच. या विषाणूला बाहेरचं चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे साबण, डेटॉल, सॅनिटायझर यांनी त्याचं फारसं बिघडत नाही. फरशीच्या सांध्यात, मातीत, खोक्याच्या पुठ्ठ्यावर तो महिनोन् महिने राहतो, सावलीत ओल असेल तर वर्षभर सुद्धा.

त्याला मारतं ते ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. साधारण ५ टक्क्यांचं असेल तर १ भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी. पण लोक चुकतात ते इथेच, घाणीवर थेट ओततात. विष्ठा, उलटी, केस, माती काहीही शिल्लक असेल तर ब्लीचची ताकद त्यातच संपते. म्हणून आधी खरवडून काढायचं, साबणाच्या पाण्यानं घासायचं, पाणी निथळू द्यायचं, मग ब्लीच मारून १० मिनिटं फरशी ओली ठेवायची. द्रावण रोजचं रोज ताजं. आणि फिनाईल किंवा संडासचं ॲसिड यात कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो, लघवी साचलेल्या फरशीवर ओतलं तरी डोळे झोंबतात. खिडक्या उघड्या ठेवून करा, कुत्री बाहेर काढून करा.

दुसरं, चौथ्या दिवशी लक्षणं दिसली म्हणता, तर खोक्यातली पिल्लं बहुतेक तो बरोबर घेऊनच आली होती. संसर्ग झाल्यापासून ३ ते ७ दिवसांत आजार दिसतो, आणि उलटी-जुलाब सुरू व्हायच्या आधीच विष्ठेतून विषाणू पडायला लागतो. म्हणजे पिल्लू खेळत असतं तेव्हाच ते बाकीच्यांना देत असतं. मावशींचा दोष नाही, बघून कुणालाच कळलं नसतं.

ओलीमाती
डॉक्टर, शेवटचं वाक्य मी मावशींना मोठ्यानं वाचून दाखवणार आहे. त्या तीन आठवडे नीट जेवलेल्या नाहीत.

सातारी_कंदी
आमच्या सोसायटीतल्या पिल्लाला पपईच्या पानांचा रस देऊन वाचवलं होतं. दर दोन तासांनी एक चमचा. करून बघायला काय हरकत आहे, खर्च शून्य.

गोठ्यावरचा_डॉक्टर
कंदी, तुमचं पिल्लू वाचलं याचा आनंदच आहे, पण हरकत आहे. पपईचा रस लोक प्लेटलेटसाठी देतात, पार्वोत मुख्य घसरण पांढऱ्या पेशींची आणि आतड्याच्या अस्तराची असते. सतत उलटी करणाऱ्या पिल्लाला तोंडातून रस ओतला तर तो श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो, असं पिल्लू मी टेबलावर बघितलंय. विषाणू मारणारी गोळी नाही, शरीराला लढायला वेळ मिळवून द्यायचा एवढंच आपल्या हातात असतं. सलाईन, उलटी थांबवणारं इंजेक्शन, आतड्यातले जंतू रक्तात उतरू नयेत म्हणून अँटिबायोटिक, अंग गरम ठेवणं, आणि उलटी आटोक्यात आली की लगेच थोडं थोडं खाणं. पूर्वी दोन-तीन दिवस उपाशी ठेवायचे, आता तसं करत नाहीत. वेळेत उपचार मिळाले तर बरीचशी वाचतात, काहीच न करता सोडली तर बहुतेक जातात.

सातारी_कंदी
ठीक आहे, मान्य. न्यूमोनियाचं माहीत नव्हतं.

पंचगंगेचा_काठ
ताई, पार्वोचं दुःख मोठंच, पण आमच्याकडं कोल्हापुरात डिस्टेंपरनं, म्हणजे कुत्र्यांच्या दुसऱ्या एका विषाणूच्या रोगानं, जे केलं ते सांगतो, म्हणजे तुमची म्हातारी कुत्री तरी वाचतील. आमच्या ग्रुपचं छोटं शेड आहे, १५-२० कुत्री. दोन वर्षांमागं थंडीत एक पैलवान नावाचं दांडगं कुत्रं आणलं, डोळ्यांतून चिपाडं, नाकातून घट्ट शेंबूड. आम्ही म्हटलं सर्दी झालीय, गरम पाण्यानं पुसलं, हळद-दूध दिलं. आठ दिवसांत बरं वाटलं, खायला लागलं, सगळ्यांत सोडलं. तीन आठवड्यांनी त्याचा जबडा आपोआप चालायला लागला, च्युइंगम चघळतंय जणू, मग एक पाय सारखा उडायचा, झोपेतसुद्धा. पायाच्या गाद्या दगडासारख्या कडक झालेल्या. तोवर शेडमध्ये ६ जणांची नाकं गळत होती, कारण हा खोकल्या-शिंकेतून हवेतनं पसरतो आणि बरं दिसणारं कुत्रंसुद्धा कित्येक आठवडे विषाणू सोडत राहतं. ९ कुत्री गेली बघा. पैलवान वाचला, पाय अजून उडतो, पण गेटवर मीच गाडी लावली की पहिला तोच येतो.

तेव्हापासून नियम एकच, नाक गळणारं कुत्रं आलं की ते वेगळ्या छपराखाली, पत्र्याच्या आडपडद्यामागं नव्हे, पार दुसऱ्या जागी.

हरणटोळ
डिस्टेंपरवरून आठवलं, थोडं अवांतर होईल. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गीरच्या दलखाणिया भागात २३ सिंह गेले, त्यातल्या काहींमध्ये हाच विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं शोधला होता, आणि मग सिंहांसाठी अमेरिकेतून लस मागवली. १९९४ मध्ये सेरेंगेटीत याच रोगानं हजारेक सिंह मेले, तिथे संशय आसपासच्या गावांतल्या कुत्र्यांवर होता. गोवराच्याच कुळातला विषाणू आहे, माणसाला मात्र यातून आजार होत नाही. सांगायचं कारण असं की "भटक्या कुत्र्यांची लस म्हणजे श्रीमंतांचे चोचले" हे वाक्य मी वनखात्याशी संबंधित बैठकीत कानांनी ऐकलंय. कुत्र्याला टोचलेली सुई जंगलातल्या वाघ-बिबट्यापर्यंत पोचते हो.

पंचगंगेचा_काठ
हे आमच्या ग्रुपमध्ये टाकतो. पैलवान सिंहाच्या तोडीचा निघाला.

खिडकीतली_मनी
एक प्रश्न, मांजरांना पार्वो होतो का? माझ्याकडे तीन आहेत आणि मी पण एका शेल्टरला जाते.

गोठ्यावरचा_डॉक्टर
कुत्र्यांच्या पार्वोचे आत्ता फिरणारे प्रकार मांजरांनाही लागू शकतात. मांजरांचा स्वतःचा एक चुलतभाऊ विषाणू आहेच, कुत्र्यांचा पार्वो त्याच घराण्यातून आला असं मानतात. १९७८ च्या सुमारास तो पहिल्यांदा ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला, कारण एकाही कुत्र्याच्या अंगात त्याच्याविरुद्ध काही नव्हतं. मनी आणि मंडळींचं लसीकरण पूर्ण ठेवा, आणि शेल्टरचे कपडे-चपला घरात आणू नका.

रागावलेला_पोपट
मला लसीबद्दल बोलायचंय. माझ्या पिल्लाला ४५ व्या दिवशी लस दिली, बिल भरलं, स्टिकर लावलं, आणि ६० व्या दिवशी पार्वोनं गेलं. मग लस कशाला घ्यायची? दवाखान्यात विचारलं तर म्हणे "होतं असं कधीकधी". दोन वर्षं झाली, राग गेलेला नाही.

गोठ्यावरचा_डॉक्टर
पोपटराव, तुम्हाला नीट उत्तर मिळायला हवं होतं, ते मी देतो. पिल्लू पहिल्या दिवसात आईचा चीक पितं तेव्हा आईची प्रतिकारशक्ती त्याच्या रक्तात येते. ती हळूहळू उतरते, कुणाची सहाव्या आठवड्यात, कुणाची चौदाव्या. जोवर ती जास्त असते तोवर आईकडून आलेली ही ताकद लशीतल्या विषाणूलासुद्धा मारून टाकते, म्हणजे लस टोचूनही लागू पडत नाही. आणि मध्ये दोन-तीन आठवडे असे येतात की ती लस अडवण्याइतकी असते पण खरा रोग अडवण्याइतकी नसते. तुमचं पिल्लू बहुधा त्या फटीत सापडलं. तुमची चूक नव्हती.

म्हणूनच एका डोसवर थांबायचं नाही. घरच्या पिल्लाला ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू करून १६ आठवडे उलटेपर्यंत दर ३-४ आठवड्यांनी. शेल्टरमध्ये धोका जास्त म्हणून ४ आठवड्यांपासूनच, दर २-३ आठवड्यांनी, २० आठवड्यांपर्यंत. आणि ओलीमाती, हे तुमच्यासाठी: पिल्लू असो की मोठं कुत्रं, पार्वो-डिस्टेंपरची लस आत घेतानाच गेटवर टोचा. उद्या नाही, अंघोळ घालून नाही, त्याच क्षणी. नसबंदी केंद्रात रेबीजची लस देतातच, पण बऱ्याच ठिकाणी तेवढीच देतात आणि लोकांना वाटतं कुत्रं व्हॅक्सिनेटेड आहे.

रागावलेला_पोपट
धन्यवाद डॉक्टर. दोन वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बायकोला वाचायला देतो, ती स्वतःला दोष देत होती.

जर्सीची_सई
मी न्यू जर्सीत राहते, इथल्या काउंटी शेल्टरला दर गुरुवारी जाते. गेटवर लस हे इथे अगदी तस्संच आहे, टेबलावर कुत्रं आलं की आधी सुई मग कागद. दुसरी एक गोष्ट शिकले ती सफाईच्या क्रमाची. सकाळी आधी निरोगी पिल्लं, मग निरोगी मोठी, मग नवी आलेली, आणि आजारी सगळ्यांत शेवटी. उलट दिशेनं परत जायचं नाही, काही विसरलं तरी नाही. आजारी विभागाचा झाडू, भांडी, गाऊन, गमबूट तिथेच राहतात. आणि प्रेशरच्या पाइपानं पाणी मारायचं नाही, त्यानं घाण उडून शेजारच्या केनेलमध्ये जाते.

टेक्सासमध्ये ऑस्टिन पेट्स अलाइव्ह म्हणून संस्था आहे, त्यांचा पार्वोच्या पिल्लांसाठी वेगळा आयसीयू आहे, स्वयंसेवकांच्या जोरावर चालतो. २०२३ मध्ये इथे पार्वोवरच्या अँटिबॉडीच्या इंजेक्शनला सशर्त मंजुरीही मिळाली, महाग आहे. पण मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटली ती फॉस्टरिंगची, म्हणजे तात्पुरतं कुणाच्या तरी घरी सांभाळण्याची. लहान पिल्लं शक्यतो शेल्टरमध्ये ठेवतच नाहीत, घरोघरी जातात.

भुईचक्र
सईताई, तिकडे घरं मोठी. इथे वन बीएचकेत सासू-सासरे, दोन मुलं, त्यात पाच पिल्लं कोण ठेवणार? लोक दूध घालायला तयार होतात, घरात घ्यायला नाही.

जर्सीची_सई
खरंय. पण पाच एकाच घरी नकोत ना. एकेक नको, एकटं पिल्लू रडतं, दोन-दोन.

ताम्हणकाठ
माझं मत थोडं वेगळं आहे आणि कुणाला दुखवायचं नाही. पिल्लांना आई असेल, ती जागा अगदीच जीवघेणी नसेल, तर ती उचलूच नयेत. दया येऊन आपण उचलतो, आईपासून तोडतो, साठ कुत्र्यांच्या आवारात आणून टाकतो. रस्त्यावर ती एका विषाणूला कदाचित सामोरी गेली असती, शेल्टरमध्ये सगळ्या विषाणूंना एकदम जातात. जेवढी गर्दी तेवढा ताण, आणि ताणात प्रतिकारशक्ती ढासळते. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाचे एकामागून एक आदेश आले, आधी दिल्लीची सगळी कुत्री शेल्टरमध्ये ठेवा, मग त्यात बदल, मग नोव्हेंबरात शाळा-दवाखाने-स्टेशनांवरची उचला. तेव्हा वादावादी चावण्यावर झाली, आणि माणसांना चावतात हे दुखणं खरंच आहे, पण शेकड्यानं कुत्री एका छपराखाली ठेवली तर पहिल्या महिन्यात आत काय शिरेल हे विचारणारे फार थोडे होते.

नागपुरी_संत्रं
माझ्या पुतण्याला चावलं होतं, ५ इंजेक्शनं घ्यावी लागली. लोकांचंही ऐका जरा.

ताम्हणकाठ
ऐकतोच आहे, म्हणून वर लिहिलं. पुतण्या बरा आहे ना आता?

नागपुरी_संत्रं
हो, बरा आहे. कुत्र्यांना घाबरतो पण.

शिरोड्याची_शाळा
या धाग्यावर रेबीजचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. वर पैलवानचं वाचताना माझ्या अंगावर काटा आला. जबडा चालणं, तोल जाणं, लाळ गळणं हे डिस्टेंपरमध्ये होतं तसं रेबीजमध्येही होतं आणि नुसतं बघून फरक कळत नाही. आमच्याकडे एका मुलीनं "घशात हाड अडकलंय" समजून कुत्र्याच्या तोंडात हात घातला, दुसऱ्या दिवशी कुत्रं गेलं, तिला सगळा कोर्स करावा लागला. सुदैवानं ती ठणठणीत आहे. शेल्टरला जाणाऱ्या प्रत्येकानं चावण्याआधीच घ्यायची रेबीजची लस घेऊन ठेवा. लस झाल्याचा पुरावा नसलेलं कुत्रं आणि मेंदूची लक्षणं, हातमोज्यांशिवाय जवळ जाऊ नका, कितीही लाडकं असो.

पंचगंगेचा_काठ
बरोबर बोललात. आम्ही पैलवानला उघड्या हातानं भात भरवत होतो. आता विचार केला की पोटात गोळा येतो.

ओलीमाती
सगळ्यांचे आभार, खरंच. रविवारी कमिटीची मीटिंग झाली, हा अख्खा धागा मी फोनवरून वाचून दाखवला. पाऊण तास लागला, मध्ये कुणी उठलं नाही.

ठरलं ते असं. शेवटचं पिल्लू आजारी पडल्यापासून निदान १४ दिवस एकही पिल्लू आवारात येणार नाही, आणि त्यानंतरही पिल्लांच्या खोलीत थेट नाही. पण गेटवर "पिल्लं घेत नाही" एवढीच पाटी लावायची नाही, त्यावर माझं मन अडलं होतं. फोन नंबर लावायचा, जो येईल त्याला आधी विचारायचं आई कुठे आहे, परत ठेवता येतील का, उपाशी आहेत की नुसती दिसली म्हणून उचलली. ठेवता येणारच नसतील तर गेटच्या बाहेर, रिक्षातल्या रिक्षात लस टोचायची आणि पालकघरी पाठवायची. आमच्या डॉक्टरांनी लहान पिल्लांची पार्वो-डिस्टेंपरची लस फ्रीजमध्ये कायम ठेवायचं कबूल केलंय. मोठ्या कुत्र्यांपैकी २२ जणांच्या लशीचा कागदच सापडला नाही, त्या सगळ्यांना शनिवारी टोचली.

खोलीची फरशी आम्ही चौघांनी घासली. सांध्यांतली माती मावशींनी जुन्या दाढीच्या ब्रशनं काढली, गुडघ्यावर बसून, एकेक रेघ. सांधे सिमेंटनं भरून घेतोय, म्हणजे पाणी मुरणार नाही. अंगणातल्या मातीचं काय करायचं ते मात्र कळत नाहीये.

आणि वाचलेली ४ पिल्लं, त्यातली एक काळीची बहीण, आता दही-भात खातात, माझ्या ओढणीला लोंबकळतात. त्यांना बाकीच्यांत कधी सोडायचं?

गोठ्यावरचा_डॉक्टर
मातीवर ब्लीच चालत नाही, पैसे वाया जातील. विष्ठा लगेच उचला, वरचा थर खरवडून काढून टाका, झाडाची फांदी छाटून ऊन येऊ द्या, आणि वर्षभर तिथे अर्धवट लशीचं पिल्लू सोडू नका. पूर्ण लस झालेली मोठी कुत्री चालतील.

चौघांना आजार सुरू झाल्यापासून दोन आठवडे पूर्ण होईपर्यंत वेगळंच ठेवा, बरी दिसली तरी विषाणू टाकत असतात. मग चांगली अंघोळ घाला, शेपटीखालचे आणि पायांचे केस नीट धुवा, अंथरूण जाळून टाका. पार्वोपासून ती आता बरीच वर्षं सुरक्षित आहेत, पण डिस्टेंपरसाठी लस लागेलच.

भुईचक्र
ओलीमाती, पालकघरं किती मिळाली?

ओलीमाती
तीन. दोघांकडे आधीची कुत्री आहेत, त्यामुळे डॉक्टरांशी बोलून ठरवू.

भुईचक्र
मी वर वन बीएचकेचं लिहिलं होतं ते माझंच घर. काल रात्री घरात विषय काढला. सासरे म्हणाले गच्ची आपल्याच मजल्याला लागून आहे, पत्रा आहे, नळ आहे, दोन पिल्लं सहज मावतील. आमच्याकडे कधीच कुत्रं नव्हतं, बिल्डिंगमध्येही नाही. हे चालेल का, की अनुभव लागतो?

गोठ्यावरचा_डॉक्टर
जिथे कधी कुत्रं नव्हतं अशी सिमेंटची गच्ची, याहून चांगली जागा मी सांगू शकणार नाही. अनुभव आठ दिवसांत येतो. पहिल्या आठवड्यात रोज सकाळी खातं का, खेळतं का एवढं बघा, ताटली तशीच राहिली तर संध्याकाळची वाट बघू नका.

ओलीमाती
भुईचक्र, कालच एका माणसाचा गेटवरच्या नंबरवर फोन आला, हायवेच्या कडेला दोन पिल्लं, आई गाडीखाली गेलेली. आत्ता त्यांच्या गॅरेजमध्ये आहेत. पहिली लस आज दुपारी तिथेच जाऊन टोचली. दोन्ही तांबूस, एकीच्या कपाळावर पांढरा ठिपका.

भुईचक्र
मग मी आणि सासरे रविवारी ११ वाजता येतो. तुमच्या शेल्टरला न येता थेट त्या गॅरेजवरच येऊ ना? घरच्या जुन्या चादरी धुऊन ठेवल्यात, अजून काय आणू?